फुप्फुसाचा कॅन्सर : प्रोटॉन घ्यावा की नेहमीचं रेडिएशन? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोली अशा आठही जिल्ह्यांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक रुग्णाचे मुलगा, सून, जावई असतात आणि सगळ्यांच्या मनात धाकधूक एकच असते: जवळच्या दवाखान्यात मिळतंय ते घेतलं तर आपल्या माणसाला आपण काही कमी तर देत नाही ना? सोप्या प्रश्नांपासून अडचणीच्या प्रश्नांकडे असा क्रम ठेवला आहे. डोसचे आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या रुग्णाचा डोस त्याचे डॉक्टरच ठरवतील.

१. लाइट देणं, शेक देणं, रेडिएशन, प्रोटॉन हे सगळं एकच का?

पहिली तीन नावं एकाच उपचाराची, म्हणजे रेडिओथेरपीची. नावात शेक असला तरी अंगाला गरम काही लागत नाही. नेहमीच्या रेडिओथेरपीत लिनॅक नावाच्या मशीनमधून जास्त ताकदीचे एक्स-रे सोडतात. त्यांना फोटॉन म्हणतात. प्रोटॉन हासुद्धा किरणोपचारच आहे, फक्त त्यात एक्स-रेऐवजी हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक प्रचंड वेगानं गाठीवर सोडतात. केमो यापेक्षा वेगळी, ती शिरेतून औषध देऊन होते.

२. प्रोटॉन "आत जाऊन थांबतो" म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?

फोटॉन कातडीतून आत शिरला की साधारण दीड सेंटिमीटर खोलीवर सर्वांत जास्त डोस देतो. पुढं तो हळूहळू कमी होत जातो आणि उरलेला पाठीकडून बाहेर पडतो. म्हणजे गाठीच्या अलीकडच्या भागाला डोस बसतो आणि पलीकडच्या भागालाही. म्हणून लिनॅक रुग्णाभोवती फिरवून अनेक दिशांनी किरण देतात. गाठीवर सगळे एकत्र येतात आणि बाकी अंगावर थोडा थोडा डोस विखुरतो.

प्रोटॉनचं गणित वेगळं. १५० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो आणि थांबतो. थांबायच्या आधीच्या काही मिलिमीटरमध्ये तो आपली बरीच ऊर्जा टाकतो, त्यापुढं जवळजवळ शून्य. या टोकाला ब्रॅग पीक म्हणतात. ऊर्जा कमी-जास्त करून हे टोक गाठीत बसवायचं, ही कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडली आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बर्कलीला पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

३. मग फुप्फुसाच्या कॅन्सरला प्रोटॉनच चांगला असणार ना?

मेंदूच्या तळाशी किंवा लहान मुलाच्या मणक्याजवळ गाठ असेल तर बहुतेक वेळा हो. फुप्फुसात मात्र तेच थांबणं अडचणीचं होतं.

फुप्फुस हवेनं भरलेलं असतं. त्याची घनता पाण्याच्या साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा. प्रोटॉन किती अंतर जाईल हे वाटेत किती "माल" लागतो यावर ठरतं. समजा, तिसऱ्या आठवड्यात गाठ एका बाजूनं १ सेंटिमीटरनं आटली. तिथं आता हवेचं फुप्फुस आलं. प्रोटॉनला अडवणारा तो १ सेंटिमीटरचा मांसल भाग गेला, म्हणून तो पलीकडच्या चांगल्या फुप्फुसात २ ते ३ सेंटिमीटर जास्त घुसतो. उलट फुप्फुसाभोवती पाणी साचलं, तर प्रोटॉन गाठीच्या अलीकडंच थांबतो आणि गाठीचा मागचा भाग उपाशी राहतो. फोटॉनला अशा बदलांचा फरक पडतो, पण फार कमी.

दुसरी गोष्ट श्वासाची. आजची प्रोटॉन मशीन बारीक किरणानं गाठ एकेका थरानं, ठिपक्याठिपक्यानं रंगवतात. त्याच वेळी गाठ श्वासाबरोबर वर-खाली होत असेल तर काही ठिपके दोनदा रंगतात आणि काही कोरे राहतात.

आता पुरावा. ह्यूस्टनचं एमडी अँडरसन आणि बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल या रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत १४९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला आयएमआरटी हे फोटॉनचं नेमकं तंत्र, दुसऱ्याला प्रोटॉन, दोघांनाही सोबत केमो. निकाल २०१८ मध्ये आले. एका वर्षात त्याच जागी गाठ परत वाढण्याचं प्रमाण फोटॉनमध्ये १०.९ टक्के, प्रोटॉनमध्ये १०.५ टक्के. फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचं प्रमाण फोटॉनमध्ये ६.५ टक्के, प्रोटॉनमध्ये १०.५ टक्के. म्हणजे प्रोटॉन सरस ठरला नाही. हृदयाला बसणारा डोस मात्र प्रोटॉनमध्ये कमी होता. ते प्रोटॉनचं जुनं, पसरट किरणाचं तंत्र होतं आणि चाचणीत उशिरा आलेल्या रुग्णांचे निकाल आधीच्यांपेक्षा बरे होते, हेही सांगायला हवं. तरीही "प्रोटॉन म्हणजे हमखास जास्त आयुष्य" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

४. गाठ लहान आहे, स्टेज १. ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात. प्रोटॉनला न्यायचं का?

नाही, आधी एसबीआरटीबद्दल विचारा. हा फोटॉनचाच प्रकार, पण ३ ते ५ लाइटमध्ये (एक लाइट म्हणजे एका वेळचा उपचार) मोठा डोस: उदाहरणार्थ ५४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) ३ वेळात किंवा ५० ग्रे ५ वेळात. योग्य रुग्णात दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांची गाठ त्या जागी काबूत राहते. एवढ्या लहान गाठीला प्रोटॉननं फारसा जास्त फायदा होत नाही. अपवाद प्रश्न ६ मध्ये आहेत.

एक अट लक्षात ठेवा. गाठ मोठ्या श्वासनळीच्या फाट्यापासून २ सेंटिमीटरच्या आत असेल तर ३ लाइटची पद्धत धोक्याची ठरते, रक्त पडण्याची भीती असते. तिथं डोस जास्त भागांत वाटतात.

५. स्टेज ३ आहे, छातीतल्या गाठींपर्यंत पसरलाय. नेहमीचा उपचार काय असतो?

६० ग्रे, ३० लाइटमध्ये: रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, एकूण सहा आठवडे. तब्येत झेपत असेल तर सोबतच केमो. "जास्त डोस दिला तर जास्त फायदा" हा समज एका मोठ्या अमेरिकन चाचणीत खोटा ठरला. ७४ ग्रे घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान २०.३ महिने आलं, ६० ग्रेवाल्यांचं २८.७. हृदयाला बसलेल्या डोसचा त्यात वाटा असल्याचं दिसलं, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये प्रोटॉनची चर्चा वाढण्याचं एक कारण हेच.

लाइट संपल्यावर गाठ वाढलेली नसेल तर डुर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन वर्षभर देतात. त्यानं पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३३.४ वरून ४२.९ टक्क्यांवर गेलं. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो, त्यांना ऑसिमर्टिनिब गोळी जास्त उपयोगी ठरते. कधी विडी न ओढलेल्या, आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या बायकांमध्ये हा बदल शोधलाच पाहिजे. म्हणून बायोप्सीचा तुकडा ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या औषध ठरवायला लागणाऱ्या तपासण्यांना गेलाय का, हे लाइट सुरू होण्याआधी विचारा. आमच्या मते कुटुंबानं मशीनच्या नावापेक्षा या प्रश्नाचा पाठपुरावा जास्त करावा.

६. मग प्रोटॉनचा विचार खरंच कुणी करावा?

सर्वांत ठोस कारण म्हणजे त्याच जागी आधी लाइट झालेली असणं. मज्जारज्जू, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या यांनी आपला डोस आधीच घेतलेला असतो, त्यामुळं पलीकडं डोस न जाणं इथं खरोखर कामाला येतं. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मोठा, हृदयाला लागून असलेला पसारा, विशेषतः हृदयविकार आधीपासून असेल तर. तिसरं, ज्यांचं एकच फुप्फुस उरलं आहे किंवा श्वासाची क्षमता फार कमी आहे.

पण "आमची केस अशीच आहे" हे अंदाजानं ठरत नाही. डॉक्टरांना सांगा की फोटॉनचा प्लॅन करून हे चार आकडे दाखवा:

- दोन्ही फुप्फुसांचा किती भाग २० ग्रे किंवा जास्त घेतो (याला व्ही-२० म्हणतात, ३५ टक्क्यांच्या आत हवा)
- फुप्फुसाचा सरासरी डोस (२० ग्रेच्या आत)
- हृदयाचा सरासरी डोस (२० ग्रेच्या आत, आणि जितका कमी तितका बरा)
- मज्जारज्जूचा कमाल डोस (४५ ते ५० ग्रेच्या आत)

हे चारही आरामात बसत असतील तर प्रोटॉनसाठी घरदार सोडून जाण्याचं कारण राहत नाही. बसत नसतील तर तोच सीटी प्रोटॉन केंद्राला पाठवून तुलनेचा प्लॅन मागता येतो.

७. प्रोटॉन मशीन कुठं आहे? आपल्याकडं काय मिळतं?

मराठवाड्यात प्रोटॉन नाही. महाराष्ट्रात नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक परिसरात आहे. मे २०२३ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झालं. दक्षिणेत चेन्नईचं अपोलो प्रोटॉन केंद्र जानेवारी २०१९ पासून चालू आहे.

नेहमीच्या रेडिएशनसाठी संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव, लातूर, बीडकडची माणसं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातही जातात. कुठंही जा, पण बरं करण्याच्या उद्देशानं फुप्फुसाला लाइट देणार असतील तर ती लिनॅकवर, सीटीवर आखलेल्या प्लॅननं आणि श्वासाची हालचाल मोजून देणार का, हे विचारा. कोबाल्ट मशीन, म्हणजे रेडिएशनचं जुन्या पद्धतीचं मशीन, दुखणं कमी करण्यासाठी उत्तम काम करतं, पण हृदयाशेजारच्या गाठीला ६० ग्रे देण्यासाठी ते पहिली पसंती नव्हे.

८. खर्च किती? योजनेत बसतं का?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. नेहमीच्या रेडिएशनची पॅकेजेस त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि मंजुरी आल्यावरच लाइट सुरू करा. योजना कॅशलेस आहे, आधी खिशातून भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

प्रोटॉनचा खर्च खासगीत दोन अंकी लाखांत जातो. तो योजनेत किंवा विम्यात बसेल असं गृहीत धरून शेत गहाण टाकू नका. निघण्याआधी केंद्राकडून अंदाजपत्रक आणि विमा कंपनीकडून मंजुरी, दोन्ही लेखी घ्या. टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे. तिथं गेलात तर वैद्यकीय समाजसेवकाची भेट पहिल्याच दिवशी घ्या. उपचारापेक्षा सहा-सात आठवडे दोन माणसांच्या राहण्याचा खर्च अनेकांना आधी मोडतो.

प्रवासासाठी: रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्यांना तिकिटांची गर्दी असते, म्हणून तारीख कळताच प्रमाणपत्र तयार ठेवा.

९. खारघरला नंबर लागेपर्यंत थांबलं तर चालेल का?

दोन आठवडे चालतात. महिना-दीड महिना नुसतं थांबणं चालत नाही, कारण स्टेज ३ ची गाठ तेवढ्यात हाताबाहेर जाऊ शकते आणि बरं करण्याचा उपचार नुसता आराम देण्याच्या उपचारावर येतो. थांबावंच लागलं तर त्या काळात केमोची एक-दोन सायकल देता येते का, हे विचारा. पेट-सीटी सहा-आठ आठवड्यांपेक्षा जुना झाला तर तो पुन्हा करावा लागतो, तो खर्च वेगळा.

वेळ कागदांमुळंही जातो. फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. सीटी, पेट आणि मेंदूचा एमआरआय डायकॉम स्वरूपात (मशीनमधल्या मूळ डिजिटल फाइली) सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक स्वतः हातात न्या. श्वासाच्या क्षमतेची तपासणी, हृदयाचा टू-डी इको सोबत ठेवा. आधी लाइट झाली असेल तर "३० फ्रॅक्शन पूर्ण" एवढ्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. त्या वेळचा प्लॅनिंग सीटी, आखणी, प्लॅन आणि डोस अशा चार प्रकारच्या फाइली त्या रुग्णालयातून मागून घ्या.

१०. सिम्युलेशन म्हणजे काय? दोन्हीकडं सारखंच असतं का?

सिम्युलेशन म्हणजे लाइट सुरू होण्याआधी रुग्णाची ठेवण ठरवून सीटीवर मापं घेणं. सुरुवात दोन्हीकडं सारखीच. रुग्णाला हात डोक्यावर घेऊन उताणं झोपवतात. पाठीखाली हवा काढली की घट्ट होणारी, मण्यांनी भरलेली गादी असते, ती त्याच्या अंगाचा साचा धरते. खांदा दुखत असेल तर तेव्हाच सांगा, कारण तीच ठेवण पुढं ३० दिवस धरायची आहे. पोटावर एक छोटा डबा ठेवतात, तो श्वासाबरोबर वर-खाली होतो. कॅमेरा त्याच्याकडं बघतो आणि सीटी मशीन श्वासाचे दहा टप्पे वेगळे करून दहा सीटी तयार करतं. त्यावरून गाठ किती मिलिमीटर हलते ते कळतं. छातीवर सुईच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके किंवा शाईच्या रेषा मारतात.

इथून वाटा वेगळ्या होतात. फोटॉनसाठी गाठीच्या सगळ्या हालचालीभोवती थोडी जागा सोडून आखणी करतात. प्रोटॉनला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल असेल तर श्वास १५-२० सेकंद रोखायला शिकवतात, किंवा तोच थर अनेकदा रंगवून कोरे ठिपके भरून काढतात. प्रोटॉन नेमका किती दूर जाईल याचा अंदाज सीटीवरून सुमारे ३.५ टक्के चुकू शकतो, तेवढी सूटही धरावी लागते. फोटॉनचा प्लॅन साधारण आठवड्यात होतो, प्रोटॉनला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. रोजचं टेबलावरचं काम फोटॉनला १५-२० मिनिटं, प्रोटॉनला अर्धा ते पाऊण तास. प्रत्यक्ष किरण चालू असतो तो काही मिनिटंच.

उन्हाळ्यात घामानं शाई जाते. पुसट झालेली रेष घरी पेननं पुन्हा ओढू नका, काही मिलिमीटरची चूकही महागात पडते. त्या जागेवर तेल, बाम, हळद काही लावायचं नाही. प्रोटॉनमध्ये कातडी थोडी जास्त लाल-काळी होऊ शकते, कारण फोटॉनसारखी तिची बचत होत नाही.

११. मध्येच पुन्हा सीटी काढला. काही चुकलं का?

नाही, उलट नीट लक्ष आहे. गाठ आटली, मिटलेलं फुप्फुस उघडलं, पाणी साचलं किंवा वजन उतरलं की जुना प्लॅन बसत नाही (कारण प्रश्न ३ मध्ये). प्रोटॉनमध्ये तपासणीचा सीटी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला व्हायलाच हवा. एखादं केंद्र फुप्फुसाला प्रोटॉन देताना असा सीटी काढत नसेल तर तिथं तो घेऊ नका.

१२. पोळ्याला, घरच्या लग्नाला चार दिवस खंड पडला तर?

पाडू नका. खंड पडला की पेशी पुन्हा वाढतात आणि पुढं दोन दिवस जास्त लाइट दिली तरी ते पूर्ण भरून निघत नाही. मशीन बंद पडलं किंवा सरकारी सुट्टी आली तर शनिवारी लाइट देता येते, किंवा एका दिवशी दोन, मध्ये किमान ६ तास ठेवून. हे डॉक्टर ठरवतील, पण आठवण तुम्ही करून द्या.

१३. तिसऱ्या आठवड्यापासून घास उतरत नाही. प्रोटॉन असता तर टळलं असतं का?

फारसं नाही. गाठी अन्ननलिकेला चिकटून असतील तर दोन्ही प्रकारांत तिच्यावर डोस जातोच. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि लाइट संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. जेवणाआधी सुन्न करणारं पातळ औषध आणि सुक्रालफेट लिहून घ्या. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि उकळता चहा बंद. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही: ती दुधात किंवा ताज्या ताकात अर्धा तास भिजवून पार लगदा करा. कोमट आंबील, मऊ वरणभात, अंडं फेटून घातलेलं दूध चालतं. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करा. आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं किंवा पाणीही जाईना, तर त्याच दिवशी दाखवा.

१४. लाइट संपून दोन महिने झाले. कोरडा खोकला, दम, बारीक ताप. गावातले डॉक्टर टीबी म्हणतात.

टीबी असू शकतो, पण लाइटनंतर सहा आठवडे ते सहा महिन्यांत असं झालं तर आधी रेडिएशन न्यूमोनायटिसचा, म्हणजे लाइटमुळं फुप्फुसाला आलेल्या सुजेचा विचार करायचा. सीटीवर ही सूज बहुधा जिथं किरण गेले त्याच पट्ट्यात दिसते. म्हणून नवा सीटी जुन्या प्लॅनशेजारी ठेवून बघणारा रेडिओथेरपीचा डॉक्टरच गाठा. प्रोटॉन घेतलेल्यांनाही हे होतं. डुर्वालुमॅब चालू असेल तर त्यानंही अशीच सूज येते आणि इंजेक्शन थांबवावं लागू शकतं.

उपचार स्टिरॉइडच्या गोळ्यांचा, पण थुंकीची सीबीनॅट ही टीबी शोधणारी तपासणी आधी करा. आपल्याकडं जुना टीबी अनेकांच्या छातीत दबून असतो आणि स्टिरॉइडनं तो उठतो. पुरावा नसताना टीबीच्या गोळ्या सुरू करून महिना घालवणं तितकंच वाईट, तोवर सूज वाढते. गोळ्या सहा ते बारा आठवड्यांत हळूहळू कमी करतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून एकदम सोडल्या की दम उलटतो. घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवा. ९२ च्या खाली आकडा दिसला तर रात्र काढू नका.

१५. पेसमेकर आहे. चालतं का?

चालतं, पण आधी सांगायलाच हवं. यंत्र थेट किरणाच्या वाटेत येऊ नये. प्रोटॉनमध्ये न्यूट्रॉन तयार होतात आणि त्यामुळं पेसमेकर अचानक मूळ सेटिंगवर जाऊ शकतो. पेसमेकरवरच ज्यांचं हृदय चालतं त्यांच्यासाठी हे गंभीर आहे. कार्ड सोबत न्या आणि उपचाराआधी, मध्ये व शेवटी यंत्राची तपासणी ठरवून घ्या.

१६. फुप्फुस आधीच जाळीदार झालंय, आयएलडी आहे. प्रोटॉन सुरक्षित का?

कमी फुप्फुस भाजतं म्हणून तो जास्त सुरक्षित वाटतो, पण आयएलडीत थोड्या डोसनंही जीवघेणी सूज येऊ शकते, मग किरण कोणताही असो. छातीरोगतज्ज्ञांचं मत लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका. जुन्या टीबीचा नुसता डाग असेल तर ती वेगळी गोष्ट, त्यानं लाइट अडत नाही.

१७. स्मॉल सेल कॅन्सर आहे. त्याला प्रोटॉन?

स्मॉल सेल हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा वेगळा, झपाट्यानं वाढणारा प्रकार. तो छातीपुरता असेल तर केमोसोबत ४५ ग्रे, दिवसातून दोनदा, ३ आठवड्यांत ३० लाइट, किंवा रोज एक याप्रमाणे ६० ते ६६ ग्रे. इथं लवकर सुरुवात सर्वांत महत्त्वाची. प्रोटॉनचा कारण नसताना विचार करू नका.

१८. स्टेज ४ आहे, हाडात पसरलाय. पैशांची सोय होईल, प्रोटॉन करू का?

नको. हाडाच्या दुखण्याला ८ ग्रेची एकच लाइट बहुतेकांना पुरते. रक्ताच्या गुळण्या किंवा दम यासाठी २० ग्रे ५ दिवसांत. हे संभाजीनगरला किंवा बार्शीला होतं, आणि रुग्ण संध्याकाळी आपल्या घरी असतो. तो पैसा ईजीएफआर तपासणी, औषधं आणि घरी ऑक्सिजन लागला तर त्यासाठी ठेवा.

१९. लाइट घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेतलं तर चालतं का?

चालतं. फोटॉनमध्ये मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. प्रोटॉनमध्ये काही मिनिटं नगण्य अंश राहतो, तो खोलीतून बाहेर येईपर्यंत बराचसा विरतो. वेगळं ताट, वेगळी खोली काही लागत नाही. फक्त सर्दी-खोकला झालेल्या मुलांना केमोच्या दिवसांत जरा लांब ठेवा.